तिन्ही गाड्यांत एकच ऑइल चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकोल्यात घरी तीन गाड्या आहेत. वडिलांनी जपलेली १९९४ ची प्रीमियर पद्मिनी, २०१३ ची स्विफ्ट डिझेल आणि अलीकडे घेतलेली डायरेक्ट इंजेक्शनवाली टर्बो पेट्रोल. तुमचे मेस्त्री म्हणतात, विदर्भाच्या उन्हात पातळ ऑइलचं पाणी होतं, तिन्ही गाड्यांत २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन शांत चालेल. पुतण्या बीएस-६ डिझेल घेतोय, त्यात तेच चालेल का, आणि डब्यात उरलेलं ऑइल एकमेकांत मिसळलं तर काय होतं, हेही तुम्ही विचारलंय.

पद्मिनीच्या बाबतीत मेस्त्रींचं म्हणणं बरोबर आहे. उरलेल्या दोन गाड्यांत आणि पुतण्याच्या गाडीत मात्र ते ऑइल टाकू नका. मेस्त्रींना दोष देण्याचं कारण नाही. पद्मिनी, अँबॅसिडर, जुन्या जीप, मेटाडोर यांच्यावर ज्यांचा हात बसला, त्यांचा अनुभव त्या इंजिनांसाठी खराच आहे. पण त्या इंजिनांत ऑइलला एकच मोठं काम असायचं: घासणाऱ्या भागांमध्ये थर धरायचा. आजच्या इंजिनात तेच ऑइल चेन ताणतं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची वेळ पुढेमागे करतं, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो गार ठेवतं, आणि त्यातलं जे थोडं जळतं त्याची राख सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. कोणत्या इंजिनात ऑइलवर काय काय अवलंबून आहे, हे बघूनच ऑइल ठरवायचं असतं. गावचं तापमान त्यानंतर येतं.

आधी उन्हाचंच बोलू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पाण्याने गार होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. तो साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो आणि कूलंटचं तापमान त्या पट्ट्यात धरून ठेवतो. नेहमीच्या चालवण्यात ऑइल ९० ते १०५ अंशांपर्यंत जातं, टर्बो गाडी भरून हायवेला दामटली की १२० च्या पुढेही. बाहेर महाबळेश्वर असो की अकोला, रेडिएटर साफ आणि पंखा चालू असेल तर इंजिनाच्या आत फार फरक पडत नाही. तुमचा ४६ अंशांचा मे महिनासुद्धा इंजिनाच्या हिशेबाने थंडच आहे.

आकड्यांत बघा. ऑइलचा दाटपणा सेंटिस्टोक या मापात मोजतात. ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांना साधारण ११ सेंटिस्टोक असतं. तेच ऑइल ४० अंशांना ६५ च्या आसपास, म्हणजे सहापट दाट. २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंशांना दीडशेच्या पुढे असतं. इंजिन गरम झाल्यावर ज्या पातळपणावर चालावं असं बनवणाऱ्याने ठरवलं, त्याच्या जवळजवळ पंधरापट दाट ऑइल तुम्ही भर उन्हाळ्यात सकाळी स्टार्टर मारताना पंपाकडून वर चढवून घेता. डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर आला की हा आकडा आणखी कितीतरी वाढतो. इंजिनाची खरी झीज या पहिल्या काही मिनिटांत होते.

डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी डब्ल्यूच्या आधीचा थंडीतला, नंतरचा १०० अंशांचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक. २० चा पट्टा ६.९ ते ९.३ एवढाच. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा डब्यावर छापलेलाच नसतो. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये दाबलं जातं तसं जोरात चिरडल्यावर ऑइल किती दाट राहतं, याचं ते माप. त्याला एचटीएचएस म्हणतात. ३० ग्रेडला तो किमान २.९ लागतो, ५डब्ल्यू-४० ला ३.५, १५डब्ल्यू-४० ला ३.७. या आकड्याकडे पुतण्याच्या गाडीपाशी परत यावं लागेल.

दाट ऑइलने ऑइल प्रेशर वाढतं, म्हणून ते चांगलं, असा एक पक्का समज आहे. प्रेशर वाढतं हे खरंच. पण दाट ऑइल बारीक वाटांतून कमी वाहतं म्हणूनच ते वाढतं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल बेअरिंगकडे न जाता परत फिरतं. बेअरिंगची उष्णता वाहून नेतं ते वाहणारं ऑइल. काटा वर दिसतो आणि बेअरिंगला मिळतं कमी, असं थंड इंजिनात नेमकं घडतं.

आता पद्मिनी. १०८९ सीसीचं फियाटचं जुनं इंजिन, कॅम ब्लॉकमध्ये, पुशरॉडने व्हॉल्व्ह उघडतात, कार्बुरेटर. टायमिंग बदलणारी यंत्रणा नाही, टर्बो नाही, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नाही. कॅमचा उंचवटा (लोब) व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या सपाट टॅपेटवर घासत सरकतो, रोलर नसतो. त्या एका रेषेवर एवढा दाब येतो की ऑइलचा थर तुटतो आणि तिथे झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं रसायन धातूवर पापुद्रा धरून झीज अडवतं. हे रसायन कन्व्हर्टर खराब करतं म्हणून नव्या पेट्रोल गाड्यांसाठीच्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. २०डब्ल्यू-५० सारख्या ग्रेडला ती मर्यादा लागू नाही. त्यामुळे महागडं ०डब्ल्यू-२० सिंथेटिक पद्मिनीत टाकलं तर दुहेरी नुकसान: सैल बेअरिंग आणि जुन्या सीलमधून ते गळतं, आणि कॅमला हवं ते रसायन कमी मिळतं. चांगल्या कंपनीचं मिनरल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० वापरा. गाडी कमी फिरत असली तरी वर्षातून एकदा बदला. उभ्या गाडीत कार्बुरेटरचं पेट्रोल आणि हवेतली ओल ऑइलमध्ये उतरत राहते. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ओल आणखी धरली जाते. महिन्यातून एकदा नुसतं पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करण्याऐवजी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ऑइल पुरतं तापून ती ओल उडून जाईल.

स्विफ्ट डिझेलबद्दल सविस्तर लिहितो, कारण हे इंजिन महाराष्ट्रात घरोघर आहे आणि ऑइलच्या बाबतीत ते अजिबात माफ करत नाही. १२४८ सीसीचं हे मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात ते बनायचं आणि मारुती स्वतःही बनवायची. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा आणि मान्झा, फियाटची पुंटो, लिनिया, सगळ्यांत हेच. याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. व्हॉल्व्हची फट धरणारे हायड्रॉलिक टॅपेटही ऑइल भरूनच काम करतात. म्हणजे गाडी सुरू केल्याबरोबर टेन्शनरपर्यंत ऑइल पोहोचायला हवं. दाट ऑइल उशिरा पोहोचतं, तेवढा वेळ चेन सैल धावते. गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड येते ती हीच. ग्राहक म्हणतो, 'डिझेल आहे, आवाज असणारच.' मग ती खडखड लांबत जाते, गाइडवर चर पडतात, चेन ओढली जाते. एक दात जरी सरकला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्हची गाठ पडू शकते.

दुसरी गोष्ट काजळी. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलमधली रसायनं तिचे कण सुटे सुटे धरून ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत. म्हणून नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळंकुट्ट झालं तर घाबरू नका. ते आपलं काम करतंय. डिझेलचं ऑइल, ते मोजायच्या पट्टीवरच्या रंगावरून जोखताच येत नाही. पण ती रसायनं संपली की कण एकमेकांना चिकटतात, चेनच्या पिनांमध्ये पॉलिश पेपरसारखे घासतात, टर्बोच्या बारीक ऑइल पाइपात बसतात. माझ्याकडे याच जातीचं एक इंजिन उघडायला आलं होतं. मालकाने हायवेचा ट्रक चालवणाऱ्या मित्राच्या सल्ल्याने दाट ऑइल टाकलं होतं आणि आवाज कमी झाला म्हणून खूश होऊन बदलायची मुदतही वाढवली होती. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, काढला तर पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीवर डांबरासारखा थर. टर्बोच्या शाफ्टला बोटाने हलवलं तरी खेळ जाणवत होता. आवाज दबला होता, झीज चालूच होती.

म्हणून स्विफ्टमध्ये पुस्तिकेत दिलेलं डिझेलचं ५डब्ल्यू-३०. दहा हजारांपर्यंत न ताणता गावातल्या फिरण्याला साडेसात-आठ हजारांवर बदला, सोबत फिल्टर दर वेळी. तुमची गाडी २०१३ ची, तिला डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) नाही, त्यामुळे राखेची काळजी इथे नाही. इंजिनाचं खूप रनिंग झालं असेल आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये लिटरभर ऑइल खात असेल, तर ५डब्ल्यू-४० पर्यंत जायला माझी हरकत नाही. त्याचा गरम दाटपणा थोडा जास्त, पण थंडीतलं वागणं ५डब्ल्यूचंच. २०डब्ल्यू-५० मात्र नाही.

टर्बो पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं छोटं टर्बो इंजिन कमी आरपीएमवर भरपूर ताकद देतं. नेमक्या त्याच जागी, दीड-दोन हजार आरपीएमवर जोर लावला की, पिस्टनच्या वरच्या कडेला साचलेला ऑइल-पेट्रोलचा थेंब उडून स्पार्कच्या आधीच पेट घेऊ शकतो. त्याला एलएसपीआय म्हणतात. दाबाचा असा एकच मोठा झटका पिस्टनच्या रिंगांमधली भिंत फोडायला पुरतो. याचा ऑइलशी थेट संबंध आहे. इंजिन स्वच्छ ठेवायला ऑइलमध्ये कॅल्शियमची रसायनं घालतात, त्यांचं प्रमाण जास्त असेल तर हा धोका वाढतो. काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम घातलं की कमी होतो. म्हणून एपीआय या अमेरिकन संस्थेचे ऑइलचे नवे दर्जे आले, २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि मे २०२० मध्ये एपीआय एसपी. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आहे. जुन्या दर्जाचं २०डब्ल्यू-५० या परीक्षेला कधी बसलेलंच नसतं.

शिवाय या इंजिनात कॅमची वेळ बदलणारा फेजर ऑइलच्या प्रेशरने फिरतो. त्याच्या व्हॉल्व्हच्या जाळ्या बारीक असतात. कॉम्प्युटर सांगतो कॅम इतके अंश पुढे ने, दाट ऑइल उशिरा नेतं, आणि मग चेक इंजिनचा दिवा लागतो. लोक सेन्सर बदलत बसतात.

म्हणून डब्यावर पुस्तिकेतलाच ग्रेड आणि एपीआय एसपी किंवा त्याहून नवा दर्जा, एवढं बघा. चालवताना घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर ती स्वतःच टाकेल. लांब पळवून आणल्यावर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवा. लाखभराच्या वर आरपीएमने फिरलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच थांबून भाजलं जाऊ नये, म्हणून. आणि घर ते बाजार असं दोन-तीन किलोमीटरचंच फिरणं असेल तर सहा महिन्यांनीच ऑइल बदलून टाका, कारण अशा फिरण्यात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जायला वेळच मिळत नाही.

पुतण्याची बीएस-६ डिझेल. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ आहे, काजळी पकडणारा फिल्टर. काजळी ठरावीक काळाने जाळली जाते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती कायमची बसते. दाट ट्रक-ऑइलमध्ये राख १.३ ते १.५ टक्क्यांपर्यंत असू शकते. एसीईए या युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेच्या सी२ आणि सी३ दर्जात ती ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेली असते. चुकीच्या ऑइलचे परिणाम पहिल्या वर्षी दिसत नाहीत, आणि डीपीएफ बदलायची वेळ येते तेव्हा बिल काही साध्या सर्व्हिसिंगचं नसतं.

आता तो डब्यावर न छापलेला आकडा. सी२ आणि सी३ दोन्हीत ५डब्ल्यू-३० मिळतं. बाहेरून सारखंच. पण सी२ ला एचटीएचएस २.९ पुरतो, सी३ ला किमान ३.५ लागतो. एकाचं बेअरिंग पातळ थरावर चालेल असं बनवलंय, दुसऱ्याचं नाही. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत सी२ आहे की सी३, की त्या गाडीच्या कंपनीची स्वतःची मान्यता, ते पुस्तिकेशी जुळवा. 'फाइव्ह-थर्टी द्या' एवढं म्हणून दुकानातून ऑइल आणू नका. आणि पुतण्याला एक सवय लावा: महिन्यातून एकदा पट्टी काढून बघ. कमी झालं का, एवढंच नाही तर वाढलं का, तेही. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत डीपीएफ साफ होण्याचं चक्र अर्धवट तुटतं आणि काजळी जाळायला जादा फवारलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी कमाल खुणेच्या वर गेली तर मुदत न बघता ऑइल बदलायचं.

तुम्ही विचारलं नाही, पण नातेवाइकांसाठी उपयोगी पडेल असं थोडं. फोर्डच्या १.० इकोबूस्टसारख्या काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच बुडून फिरतो. तिथे ऑइलची रसायनं रबराला मानवली पाहिजेत, नाहीतर बेल्टचा चुरा स्ट्रेनरमध्ये अडकतो आणि ऑइल प्रेशर जातं. फोर्डची सेकंडहँड इकोस्पोर्ट घेणाऱ्याने आधी हे विचारावं. सीएनजी गाडीत ऑइल काळं होत नाही, सोनेरी दिसतं, म्हणून लोक बदलत नाहीत. ते आतून ऑक्सिडेशनने संपलेलं असू शकतं. तिथे किलोमीटर मोजा. हायब्रिड गाडीत इंजिन दिवसभर बंद-चालू होतं, अनेकदा थंडच राहतं, म्हणून टोयोटा ०डब्ल्यू-१६ इतक्या पातळ ऑइलवर गेली. आणि गाडीचं ऑइल मोटरसायकलमध्ये टाकू नका, बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये असतो आणि तो सटकतो. बाइकच्या डब्यावर जासो एमए हा जपानी दर्जा लिहिलेला असतो.

एक प्रामाणिक भर. पुस्तिकेतला पातळ ग्रेड काही अंशी इंधन वाचवण्याच्या नियमांमुळेही ठरतो. टोयोटाची एकेक गाडी अमेरिकेत ०डब्ल्यू-२० सांगते आणि दुसऱ्या देशाच्या पुस्तिकेत त्याच इंजिनाला ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० चीही मुभा देते. त्यामुळे एक पायरी वर जायला, म्हणजे भरलेली गाडी घेऊन वारंवार घाट चढणाऱ्याने पुस्तिकेत परवानगी असेल तर २० वरून ३० वर जायला, मी विरोध करत नाही. पुस्तिका मान्य करते त्या यादीच्या आत राहा, एवढाच आग्रह.

वरून ओतायच्या बाटल्या, 'ट्रीटमेंट' वगैरे, घेऊ नका. ऑइलमधली रसायनं एकमेकांशी तोलून घातलेली असतात. त्यात आणखी काही ओतून तो तोल बिघडतो. त्यापेक्षा पैसे अस्सल डब्यावर खर्च करा. बनावट ऑइलचा धंदा मोठा आहे आणि तो रिकाम्या अस्सल डब्यांवर चालतो. माझ्या गॅरेजमध्ये डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडूनच भंगारात जातो. तुम्ही समोर सील तोडून घ्या आणि डबा घरी न्या, किंवा तिथेच भोक पाडायला सांगा.

राहिलं मिसळण्याचं. एपीआयच्या नियमांनुसार इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळली तरी फाटत किंवा साखळत नाहीत. रस्त्यात पातळी किमान खुणेच्या खाली गेली आणि हाताशी दुसरंच ऑइल असेल, तर कोरड्या इंजिनापेक्षा ते बरं. अर्धा लिटर टाका आणि घरी या. पण घरचे उरलेले डबे एकत्र करून पुतण्याच्या गाडीचं टॉप-अप करू नका, त्यात २०डब्ल्यू-५० ची राख थेट डीपीएफमध्ये जाईल. स्विफ्टचं उरलेलं स्विफ्टलाच, टर्बोचं टर्बोलाच. प्रत्येक डब्यावर मार्करने गाडीचा नंबर आणि उघडल्याची तारीख लिहा, झाकण घट्ट लावा, ओल नसलेल्या जागी ठेवा. पद्मिनीचा डबा उघडून बरेच महिने झाले असतील आणि तळाशी गढूळ दिसत असेल, तर तो गेटच्या बिजागऱ्यांना वापरून संपवा.